इटलीचा शिक्का

अबा शहरातल्या चपलाबाजारात ओक्वुदिलीइतका साफ हात दुसऱ्या कुणाचा नाही, हे त्याचे वैरीही कबूल करत. पण सोळा वर्षांत शिवलेल्या एकाही बुटावर त्याचं नाव नव्हतं. छाप एकच, 'इटलीत बनवलेला'. अबाचं नाव दिसलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं, असं लागोसचे व्यापारी सांगत. सगळी गल्लीच तो शिक्का मारायची, मग लाज कसली? बायको न्वाकाएगो तेवढी टोमणा मारी, "पोर आपलं, अन् बारसं दुसऱ्याच्या नावानं."

मग सरकारी योजना आली. देशी माल बनवणाऱ्याला बुटाचा तळ दाबून बसवायचं यंत्र मिळणार होतं. हातानं तळ ठोकून ठोकून ओक्वुदिलीचं मनगट कामातून गेलेलं. डॉक्टरनं मनगटाला वर्षभराची मुदत दिली होती. यंत्र मिळालं तर धंदा, नाहीतर बसा घरी. त्यानं अर्ज केला, स्वतःच्या नावाचा शिक्का करून घेतला, आणि राजधानी अबुजाहून तपासणीला बामिडेले साहेब आले.

साहेब भले गृहस्थ. नव्या शिक्क्याचे बूट उलटसुलट पाहून त्यांनी मान डोलावली. पण हे कालचे झाले, म्हणाले, जुनं काम दाखवा. जुनं काम देशभर लोकांच्या पायांत फिरत होतं, हातात एक जोड नाही! ओक्वुदिलीची मान खाली गेली आणि नजर साहेबांच्या पायांवर खिळली. टाचेचा तो टाका त्यानं झोपेतही ओळखला असता.

"साहेब, तुमचे बूट मी शिवलेत."

साहेब हसले. लागोसच्या बड्या दुकानातले होते ते, खास इटलीचे.

"आतली पट्टी उचला. खाली तीन टाके आणि एक फुली असेल. खराब जोड परत आला तर ओळखू यावा म्हणून घालतो मी."

साहेबांनी पट्टी उचलली. तीन टाके, एक फुली. शेजारी उभ्या न्वाकाएगोच्या डोळ्यांत पाणी आलं. जिंकलो, असं ओक्वुदिलीला वाटलं.

साहेबांचा चेहरा मात्र उतरला. "कशाला दाखवलंत हो हे? खोटा परदेशी शिक्का मारणाऱ्याला योजना नाही. आता डोळ्यांनी पाहिलंय, मला लिहावंच लागेल."

आणि त्यांनी यादीतल्या त्याच्या नावावर काट मारली. आपल्याच तोंडानं आपण आपला गळा कापला, हे ओक्वुदिलीला खरंच वाटेना.

साहेबांनी ओशाळून बूट पुढं केला, पट्टी चिकटवून मागितली. त्यानं सोल्युशन लावून ती दाबून बसवली. बूट घालून साहेब दोन पावलं चालले, मग थांबले.

"खरं सांगू? दुकानात 'अबाचे' म्हणाले असते, तर हे बूट मी घेतलेच नसते."