खिडकीबाहेरची मावशी

खिडकीबाहेरची मावशी जन्मभर दर रविवारी देवळात आली, पण मला आठवतं तेव्हापासून आत कधीच आली नाही. आम्ही ख्रिस्ती, पण आमच्या घरी चर्चला देऊळच म्हणतात. त्या देवळाच्या मागच्या खिडकीखाली, कडुनिंबाच्या मुळीवर ती बसायची. राजूरच्या कोळशाच्या खाणीकडून उडालेली काळी भुकटी पानांवर, गजांवर, सगळीकडे असे. मावशी आधी पदरानं खिडकीचा कठडा पुसायची आणि मग तोच पदर डोक्यावर घ्यायची. त्यामुळे प्रार्थनेच्या वेळी तिच्या कपाळावर एक काळा पट्टा असायचा. लहानपणी मला वाटायचं, देवानं ओळखीसाठी ओढलेली ती रेघ आहे.

ती एका कोळशाच्या ट्रकच्या ड्रायव्हरसोबत राहत होती, लग्नावाचून. तो आमच्या मंडळीतला नव्हता आणि त्याची बायको दूर गावाकडं होती. मंडळीच्या पंचांनी मावशीला प्रभुभोजनातून, म्हणजे देवळात वाटल्या जाणाऱ्या प्रसादाच्या भाकरीतून, बाद केलं, आत बसू नको म्हणून सांगितलं. ती भांडली नाही. एवढंच म्हणायची, “आत नको म्हनलं. खिडकीपाशी नको, असं कुठं म्हनलं?”

आतल्या बाजूला त्याच खिडकीला टेकून मी बसायची. मला कोपराच बरा वाटतो. चौथीनंतर शाळा सुटली आणि बोलणंही जवळजवळ सुटलंच. माझं गाणं शेजारी बसलेल्या आईलाही ऐकू जात नसे. एकदा गीत म्हणता म्हणता मी मध्येच थांबले, तर गजांतून आवाज आला, “थांबली काहून वं? मले आयकू येऊन राह्यलं होतं.” तेव्हापासून मी खिडकीकडे तोंड करून गाऊ लागले. ती कधी बोरं आत द्यायची, कधी भाजलेल्या शेंगा. उपदेश लांबला की हळूच विचारायची, “झोपले का वं सारे?”

शेवटचं गीत आमचं ठरलेलं होतं. ‘तुझ्या दारी आलो आम्ही’ असं ते सुरू होतं. मावशी मात्र ‘तुझ्या घरी आलो आम्ही’ म्हणायची. एकदा मी धीर करून तिला सांगितलं, “मावशी, दारी आहे ते. घरी नाही.”

ती हसली. “आतून दारी आयकू येत असन. बाहेरून घरीच आयकू येते. अन् दारी तं मी बसलीच हाव, ते कायले मांगू?”

गेल्या थंडीत, धुकं उतरलेलं असताना, ती झोपेतच गेली. सकाळी ड्रायव्हरकाका आमच्या देवळाच्या पाळकसाहेबांच्या ओसरीवर येऊन उभे राहिले. आम्ही शेजारणी मागे होतो. काका म्हणाले, “साहेब, मी तं बाहेरचाच मानूस. पन तिच्यासाठी घंटी वाजवा. घंटी झाल्याबिगर ते घरून निघत नव्हती.”

मंडळीतलं माणूस गेलं की घंटा वाजते आणि देवळात शेवटची प्रार्थना होते, बाद केलेल्यांसाठी मात्र नाही. पंचांमध्ये थोरले मास्तर तिथंच होते. देवळात प्रत्येक गीत तेच उचलायचे. ते म्हणाले, “पाळकसाहेब, जितेपनी जिले बाहेर ठेवलं, तिले मेल्यावर आत घ्याचं? मंग पोरापोरींले कोन्या तोंडानं सांगाव?” मग खाली बघत म्हणाले, “माह्या सख्ख्या भावासाठी मी घंटी वाजू देली नाही. दारू पेत होता म्हनून. आज हिच्यासाठी वाजली तं त्याचं काय?”

धुक्यात कडुनिंबाचं पाणी टपटप गळत होतं. पाळकसाहेब वयानं लहान, मास्तरांना मान देणारे. ते म्हणाले, “मास्तर, तिला आत आणत नाही. आम्हीच बाहेर जातो.”

घंटा वाजली. शवपेटी खिडकीखाली, तिच्या मुळीपाशी ठेवली. सगळी मंडळी देवळातून निघून अंगणात उभी राहिली. धुक्यात माणसं अर्धीच दिसत होती आणि देऊळ जागचं हलून दूर गेल्यासारखं वाटत होतं. मास्तर तेवढे आत राहिले, एकटे. मी माझ्या पदरानं कठडा पुसला. तो पुसायचा राहिला होता.

बायबलातलं वचन वाचून झालं. आता गीत, पण ते उचलणारे मास्तर आत. सगळे एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं, आता कोणीतरी म्हणेल, थांबली काहून वं? आणि माझ्याच तोंडून गीत सुरू झालं. ‘तुझ्या घरी आलो आम्ही.’ शब्द चुकला हे मला कळलं, पण पाळकसाहेबांनी तोच शब्द धरला. मग काकांनी, मग सगळ्यांनी.

दुसऱ्या ओळीला खिडकीतून मास्तरांचा आवाज आला. जुना, जड, थोडा कापणारा. ते गजांपाशी येऊन उभे होते. पहिल्या ओळीचं धुरपद परत आलं तेव्हा मी कान देऊन ऐकलं, ते ‘दारी’ म्हणतात की ‘घरी’. मी पहिल्यांदाच त्या खिडकीच्या बाहेर उभी होते.

मला ‘घरी’च ऐकू आलं.