पत्र्याच्या गॅरेजला अस्तर

मी एसीच्या डक्टला लोकर गुंडाळणारा माणूस. मॉलच्या आणि हॉस्पिटलांच्या छतावर पत्र्याचे चौकोनी बोगदे असतात, त्यांतून गार हवा फिरते. ती वाटेत तापू नये म्हणून त्या पत्र्याला काचेच्या लोकरीचं पांघरूण घालायचं आणि त्यावर चकचकीत फॉइल चढवायचं, हे काम मी रियाधमध्ये अठरा वर्षं करतो आहे. आता फोरमन आहे. फॉइलवर एक सुरकुती दिसली तरी मी माणसाला परत शिडीवर चढवतो. माझ्या पाठीमागे पोरं मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

ही अठरा वर्षं बायको रत्नागिरीकडच्या आमच्या गावात होती आणि मी इथे. दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांची सुट्टी, एवढाच आमचा संसार. मुलगी नर्सिंगला गेली, हॉस्टेलवर राहू लागली, आणि गावचं घर रिकामं झालं. मग मी हट्टाने व्हिजा काढला. बायको नोव्हेंबरच्या शेवटी आली. पण येताना परतीचं तिकीट काढूनच आली, जानेवारीअखेरचं. व्हिजा पुढे वाढवता येतो, नंतर कायमचं राहण्याचंही बघता येतं, हे मी तिला फोनवर दहा वेळा सांगितलं होतं. ती म्हणाली, बघू. तिचं ‘बघू’ मला चांगलं ठाऊक आहे. अर्ध्याहून जास्त वेळा त्याचा अर्थ नाही असाच असतो.

तिचंही चुकत नव्हतं. गावात ती शिवणाचा क्लास चालवते. ओटीवर पाच-सहा बायका मशिनवर बसलेल्या असतात आणि ती त्यांच्यात फिरत असते. मुलांच्या गणवेशापासून नवरीच्या शरार्‍यापर्यंत सगळं तिच्या हाताखालून जातं. इथे रियाधच्या अल मलाझ भागात आमचं घर म्हणजे जुन्या घराच्या तळमजल्यावरची एक खोली आणि एक स्वयंपाकघर. मी कामावर गेलो की ती भिंतीकडे बघत बसणार. पहिल्या आठवड्यात तिने सगळे डबे घासले, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच डबे घासले. मी घाबरलो.

अंगणाच्या पलीकडे घरमालकांचं पत्र्याचं गॅरेज होतं. घरापासून सुटं, लोखंडी अँगलवर ठोकलेलं, पुढे शटर, बाजूला छोटं दार. आत एक पंक्चर गाडी वर्षानुवर्षं पडून होती. घरमालक सत्तरीचे सौदी गृहस्थ, बोलायला कडक आणि मनाने मऊ. मी त्यांना माझ्या मोडक्या अरबीत सांगितलं की बायकोला शिवायला जागा हवी आहे. त्यांनी हात झटकला, खलास म्हणाले, म्हणजे ठरलं, आणि पुढच्याच आठवड्यात गाडी उचलून नेली. फक्त नंतर सगळं काढून घेता आलं पाहिजे, भिंतींना भोकं पाडायची नाहीत, एवढी एकच अट.

मी सेकंडहँड मशीन आणलं, कापायला टेबल आणलं, आणि डिसेंबरमध्ये तिला थाटात तिथे बसवलं. तासाभरात ती हात काखेत दाबून घरात परत आली. आम्हा कोकणवाल्यांना थंडी ठाऊकच नसते. गावात पहाटे जरा गारवा आला की आम्ही कानाला मफलर बांधतो. इथली थंडी कोरडी, हाडात शिरणारी. बाहेर ऊन पडलेलं असलं तरी त्या पत्र्याच्या पोटात रात्रीचा गारठा दुपारपर्यंत मुक्काम ठोकून असायचा. बोटं आखडल्यावर सुईत दोरा कसा ओवणार? तिने काही तक्रार केली नाही, फक्त मशिनवर चादर घातली. तेव्हा मात्र मला भारी राग आला, स्वतःचाच. शहरभर परक्यांच्या हवेला पांघरूण घालतो मी, आणि माझ्या बायकोला एक गरम खोली देता येत नाही?

मग मी पेटलो. साइटवर उरलेले लोकरीचे रोल साहेबांना विचारून घरी आणले. शटर खाली करून फटींना रबराची पट्टी मारली, येण्याजाण्यापुरतं बाजूचं छोटं दार ठेवलं. सिमेंटच्या जमिनीवर थर्माकोल, त्यावर प्लायवूड, त्यावर जुना गालिचा. भिंतींना आणि छताला लोकर. आमच्या धंद्यात एक नियम आहे, तो मी शंभर पोरांना शिकवला असेल: लोकर आत, फॉइल बाहेर. फॉइल नेहमी उन्हाच्या, उकाड्याच्या बाजूला. तसंच मी इथेही केलं. फॉइल बाहेरच्या पत्र्याकडे, लोकर आमच्याकडे. लोकरीची कुसं अंगाला लागून खाज सुटते, म्हणून बायकोने पांढऱ्या मांजरपाटाचं अस्तर शिवलं आणि आम्ही दोघांनी मिळून ते आतून ताणून बसवलं. तेलाचा इलेक्ट्रिक हीटर लावला. अर्ध्या तासात खोली अशी ऊबदार झाली की तिने शाल काढून ठेवली. मी छाती फुगवून घरमालकांनाही बोलावून दाखवलं.

त्यानंतरचे दोन आठवडे फार चांगले गेले. वरच्या मजल्यावर हैदराबादचं एक कुटुंब राहतं. त्यांच्या मुलीचा निकाह होता. त्या बाईंनी साटीनचा मोतिया रंगाचा ड्रेस माझ्या बायकोकडे शिवायला दिला. मी कामावरून यायचो तर मशिनचा आवाज अंगणात ऐकू यायचा आणि दारातूनच चहाचा वास. ती दिवसभर वाफेची इस्त्री चालवायची, मध्येच विजेच्या किटलीत चहा करायची. जेवताना ती कापडाबद्दल बोलायची आणि मी ऐकायचो. तिकिटाचा विषय दोघांनीही काढला नाही.

मग एका सकाळी ती गॅरेजमध्ये गेली आणि लगेच बाहेर आली. छताचं मांजरपाट दोन-तीन जागी फुगून ओघळलं होतं. त्यातून गंजाचं तांबूस पाणी टेबलावर टपकत होतं, आणि टेबलावर तो ड्रेस होता. मी छतावर चढून बघितलं. वर पावसाचं नाव नाही, पत्र्याला भोक नाही, सगळं ठणठणीत कोरडं. मी खाली येऊन घरमालकांच्या जुनाट पत्र्याला शिव्या घातल्या, लोकरीच्या कंपनीला घातल्या, मग पाण्याच्या टाकीवर संशय घेतला. तिने मात्र ड्रेसवर लिंबू-मीठ चोळलं, डाग जवळजवळ गेला, आणि ती स्वतः वर जाऊन त्या बाईंना घडलेलं सगळं सांगून आली. बाई समजूतदार निघाल्या. पण माझी बायको जिना उतरली ती तोंड एवढंसं करून.

“मला लोकांचं कापड खराब करायला इथं बसायचं नाय,” ती म्हणाली. “जानेवारीचं तिकीट हाय ते राहू द्या.”

 

त्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर मी एकटाच छताचं मांजरपाट सोडायला गेलो. लोकर भिजून जड झाली होती. थोड्या वेळाने तीही आली. टेबलावरची किटली उचलून तिने झाकण उघडलं आणि त्याच्या आतल्या बाजूचे थेंब बघत राहिली. मग वर, माझ्या हातातल्या ओल्या लोकरीकडे बघितलं.

“वाफ तर आतली हाय,” ती म्हणाली. “माझ्या इस्त्रीची. मग ती अडवायचा कागद तुमी पार पाठीमागं गार पत्र्याला कशाला लावलात?”

मी शिडीवरच थांबलो. अठरा वर्षं मी गार हवा राखत होतो. तिथे ऊब बाहेर असते, दमटपणा बाहेरून येतो, म्हणून फॉइल बाहेर. या खोलीत ऊब आत होती, वाफही आत होती. ती लोकरीतून सुखाने पार जात होती आणि गार पत्र्याजवळ पोचून पाणी होत होती. शंभर पोरांना नियम शिकवला, पण तो का आहे याचा मी स्वतः कधी विचारच केला नव्हता. माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला सगळ्यांसमोर झापलं असतं. इथे झापणारं कुणी नव्हतं. ती फक्त उत्तराची वाट बघत उभी होती.

“चुकलो,” मी म्हणालो. लग्नाला तेवीस वर्षं झाली, हा शब्द मी तिच्यासमोर फारसा वापरलेला नाही. ती हसली नाही, पण तिने शिडी धरली.

आम्ही सगळं उतरवलं. लोकर दोन दिवस उन्हात वाळवली. ज्या पट्ट्या वाया गेल्या होत्या त्या टाकल्या. मग पुन्हा बसवायला घेतलं, या वेळी लोकर पत्र्याकडे आणि फॉइल आमच्याकडे. सांधे टेपने असे बंद केले की मुंगी शिरणार नाही. सांधा सरळ बसतो का ते ती खालून सांगायची, कापडाच्या शिवणीवर नजर तयार झालेली तिची, आणि दोनदा तिने मला टेप उखडून परत लावायला लावली. तिने सुचवलं म्हणून वाफेला वाट ठेवली. शटरच्या वरच्या फटीत छोटा पंखा बसवला, भिंतीला भोक न पाडता. काम संपल्यावर ती मध्यभागी उभी राहून चारी बाजूंना बघत म्हणाली की बिस्किटाच्या डब्यात बसल्यासारखं वाटतं. मांजरपाट तिने परत लावू दिलं नाही. म्हणाली, उजेड चांगला पडतो.

मी दहा दिवस रोज सकाळी हाताने छत चाचपून बघत होतो. कोरडं. निकाहचा ड्रेस वेळेवर गेला. वरच्या बाईंनी मिठाई पाठवली आणि मागोमाग बहिणीची दोन कामंही पाठवली. जानेवारी संपत आला होता. तिकीट फ्रिजवर चुंबकाखाली होतं, आणि मी पाणी प्यायला गेलो की तिकडे न बघता यायचो.

एका सुट्टीच्या दुपारी मी तिच्यासाठी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेलो. ती शिवत होती. मान वर न करताच तिने विचारलं, “जूनमध्ये हे पत्रे किती तापतील?”

मी कप टेबलावर ठेवला. कामावर असा प्रश्न कुणी विचारला तर माझ्याकडे आकडा तयार असतो.  त्या दिवशी मात्र नुसतं खूप तापतील म्हणालो, एसी बसवावा लागेल, आणि त्यासाठी कदाचित हे सगळं काढून पुन्हा पहिल्यासारखं लावावं लागेल.

“मग आत्ता नको, मार्चमध्ये काढायला घेऊ,” ती म्हणाली. “थंडीवाऱ्यात शिडी धरून माझे हात गारठतात.”