दोन लिंबं, तीन वाट्या

बातमी फोनवर आली, आणि तीही बाजूच्याच घरातून. “ममा गेली. पहाटे, झोपेतच,” एवढाच ॲलनचा मेसेज. आमच्या दोन घरांमध्ये एक लाकडी कुंपण आणि फार तर बारा पावलं. पण इथे परदेशात, आमच्या क्रेगीबर्नमध्ये, तेव्हा लॉकडाऊन होता, कुणाच्या घरात पाऊल टाकायची सोय नव्हती. अंत्यविधीला दहाच माणसं चालणार होती, त्यात शेजारीण कशी बसणार? चर्चमधली मिस्सा, म्हणजे त्यांची प्रार्थना, मी लॅपटॉपवर ऐकली. मी पडले हिंदू, कधी उठायचं नि कधी बसायचं मला कळेना, म्हणून स्वयंपाकघरात शेवटपर्यंत उभीच राहिले. आता महिना उलटला. तरी दुपारी शिफ्टवरून आले की पाय आधी परसातल्या कुंपणाकडेच वळतात.

फिलोमिना बाई, म्हणजे ॲलनची ममा, वसईच्या. तिथल्या मराठी शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, आणि नवरा गेल्यावर मुलाकडे आल्या. इथली पोरं त्यांना आंटी म्हणत, तेव्हा त्यांना ऐकू येत नसे. ‘बाई’ म्हटलं की लगेच ऐकू येई. पहिल्या लॉकडाऊनमध्ये वाऱ्याने कुंपणाची एक फळी निखळली, आणि दुरुस्तीला कुणी यायचं नव्हतं. त्या फटीतून एक दिवस त्यांच्या झाडाची चार लिंबं आली, पाठोपाठ प्रश्न आला.

“मेधा, तू फिजिक्सची ना गं? ॲलन सांगत होता.”

“होते, बाई. ठाण्याला बीएस्सी केलं. आता वेअरहाऊसमध्ये खोकी उचलते.”

“खोकी उचलली म्हणून फिजिक्स सांडत नाही.”

मला आधी रागच आला, खरं सांगते. बीएस्सीला वीस वर्षं झाली होती. शिक्षिका व्हायचं माझ्या मनात होतं, मास्टर ऑफ टीचिंगचा फॉर्म मी दर वर्षी उघडत होते आणि दर वर्षी बंद करत होते. इथल्या पोरांपुढे उभं राहायचं, त्यातलं एखादं ‘मिस, दॅट्स राँग’ म्हणालं तर काय घ्या? ही भीती मी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. बाईंना कशी कळली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी फटीतून शंभर पानी वही सरकवली. “रोज एक गणित. बाकी वेळ मी गोष्टी सांगेन.”

तेव्हा वस्तूंनाही आम्ही घाबरत होतो. त्यामुळे वही आली की मी ती चिमटे लावून कपड्यांच्या दोरीवर एक दिवस उन्हात टांगायची आणि मगच उघडायची. बाई पलीकडे तेच करत. मोज्यांच्या शेजारी वाळत टाकलेलं फिजिक्स बघून माझी मुलगी इरा हसून हसून बेजार व्हायची.

आणि गोष्टी! फटीच्या अलीकडे माझी खुर्ची, पलीकडे बाईंची, दोघींच्या तोंडाला मास्क. पुस्तकात क्वांटमला पुंज म्हणतात, बाई त्याला जुडी म्हणत. “भाजीवाली कोथिंबिरीच्या काड्या मोजून देते का? जुडी देते. ऊर्जा तशीच. घ्यायची तर अख्खी जुडी घ्या, नाहीतर चालू पडा.” ही जुडी ज्याने पहिल्यांदा मांडली, तो जर्मन प्रोफेसर म्हणे स्वतःच्याच शोधाला इतका बिचकला, की ती मोडीत काढायला वर्षानुवर्षं धडपडत राहिला. एक तरुण पोरगा शिंकून शिंकून हैराण, म्हणून झाडंझुडपं नसलेल्या बेटावर जाऊन राहिला आणि तिथे त्याला हवं ते गणित सुटलं. कोपनहेगनच्या मास्तरांकडे आलेला पाहुणा तापाने आडवा झाला, तर यजमानीणबाई चहा नेऊन देत होत्या आणि मास्तर पलंगाच्या कडेला बसून वाद घालत होते. बर्लिनमध्ये एका बाईंना संस्थेच्या वरच्या मजल्यावर यायला मनाई होती, म्हणून त्यांनी तळघरातल्या सुतारकामाच्या खोलीत प्रयोग मांडले. ही गोष्ट सांगताना बाईंचा आवाज चढायचा, जणू कालच कुणी त्यांना जिन्यात अडवलं होतं.

पण गोष्टीत दुसरं महायुद्ध जवळ आलं की बाई थांबत. कुणाला देश सोडावा लागला, एवढं सांगत आणि खुर्ची मागे सरकवत. मी एकदा विचारलं, “पुढचं सांगा की.” म्हणाल्या, “तोवर भांडण गणिताचं होतं गं. पुढचं तुला कुणीही सांगेल.”

त्यांचा सगळ्यात लाडका मात्र ढाक्याचा मास्तर. “आपला माणूस,” म्हणत. दोन लिंबं नि दोन वाट्या घेऊन त्यांनी मला ते समजावलं होतं. दोन्ही लिंबं पहिल्या वाटीत, दोन्ही दुसऱ्या वाटीत, नाहीतर एकेक. आपण साधी माणसं ‘एकेक’ दोनदा मोजतो, कारण हे लिंबू इकडे नि ते तिकडे, किंवा उलट. म्हणजे चार तऱ्हा. ढाक्याच्या मास्तराने प्रकाशाचे कण मोजताना ते एकदाच मोजलं, तीन तऱ्हा. शाळेतल्या पोराने केली असती तर कान पिळला असता, अशी चूक. त्याचा लेख आधी कुठे छापून येईना. मग त्याने तो थेट जगातल्या सर्वांत मोठ्या शास्त्रज्ञाला पाठवला, आणि त्या थोर माणसाने स्वतः भाषांतर करून छापायला दिला. कारण प्रकाश खरंच तसा वागतो. त्याच्या कणांना नावंच नसतात, हा कुठला नि तो कुठला विचारायची सोय नाही.

“म्हणून चूक खोडायची नाही,” बाई म्हणत. “खाली रेघ मारायची. उद्या ती बरोबर निघाली तर सापडायला नको?” माझी वही त्यांच्या पेन्सिलीच्या रेघांनी भरली होती, पण खाडाखोड एकही नव्हती. मी किती वेळा चुकले असेन, देव जाणे. पण बाईंनी मला एकदाही लाजवलं नाही.

त्या गेल्यावर आठवड्याने ॲलनने वही फटीतून दिली. “उशीखाली होती,” म्हणाला. मी ती दोरीवर टांगली, सवयीने. दुसऱ्या दिवशी शेवटचं पान उघडलं. दोन लिंबं, तीन वाट्या, ढाक्याच्या पद्धतीने मोजा. मी उत्तर लिहिलं होतं सहा. त्याखाली थरथरलेली रेघ, आणि शेजारी: ‘नऊ. पुन्हा मोज.’

वर्षभर एवढं घोटून घेतलं, आणि लिंबं मोजता येईनात? फॉर्मची मुदत आठवड्यावर आली होती. मी तो बंद केला आणि तीन दिवस त्याचं नाव काढलं नाही.

चौथ्या दिवशी परसात तीन वाट्या मांडल्या. दोन्ही एकाच वाटीत, अशा तीन तऱ्हा. एकेक वेगळ्या वाट्यांत, अशा तीन. सहा. पुन्हा मोजलं, सहा. नऊ कधी येतात? लिंबं वेगवेगळी धरली तर. म्हणजे चूक बाईंचीच. वर्गातल्या एकूण एक पोराला नावानिशी ओळखणारी बाई ती, निवृत्तीनंतरही कोण कुठल्या बाकावर बसायचं ते सांगायची. शेवटी तिने लिंबांनाही नावं दिली असणार. मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच.

मग आत जाऊन फॉर्म भरला. शेवटच्या बटणावर बोट अडखळलं, तेव्हा इरा मागून म्हणाली, “मम, जस्ट प्रेस सबमिट.” दाबलं.

त्यानंतर वही घेतली. बाईंचं ‘नऊ’ खोडलं नाही. त्याखाली एक सरळ रेघ मारली, शेजारी लिहिलं, ‘बाई, सहाच,’ आणि वही चिमटे लावून उन्हात टांगली.