मामाचं उधाण

माझ्या मामाचा मला राग आहे, आणि तो निवळायचं काही चिन्ह नाही.

गेल्या वर्षी कोळीवाड्यात, बोंबील वाळवायच्या बांबूंना चादर बांधून मी एक माहितीपट दाखवला. भाषा परकी, म्हणून शेजारी उभी राहून मराठीत सांगत होते. आफ्रिकेतल्या एका देशावर गोऱ्यांचं राज्य, काळ्यांवर जुलूम. तिथून आलेलं जहाज दुसऱ्या खंडातल्या बंदराला लागतं आणि तिथले काळे हमाल माल उतरवायला नकार देतात. पुढारी त्यांच्यातलेच. त्या देशात त्यांचं कुणी सख्खं नव्हतं. मजुरी बुडाली, पोलीस आले, तरी कुणी पोत्याला हात लावला नाही. मामाने टाळ्या वाजवल्या, डोळेही पुसले.

सायवनकडच्या पाड्यावरची एक मावशी दर वर्षी तूर आणते आणि मामीकडून सुकट नेते. तिला मी मुद्दाम बोलावलं होतं. सिनेमा संपल्यावर ती उठली.

"सोमवारी आमची जमीन मोजाया येतात, खदानीसाठी. आम्ही थोडी माणसं. तुम्ही नुसती येऊन उभी राहा."

मामा वस्तीचा पुढारी; सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"आलो असतो गो," मामा म्हणाला. "पण सोमवारी उधाण, पाण्याला ओढ, मासळीचा दिवस. सगळ्या होड्या समुद्रात."

कुणी ब्र काढला नाही. मी बोर्डीच्या शाळेत शिकवणारी, तिथींचा हिशेब कधीच सुटलेला. मलाही ते खरं वाटलं.

सोमवारी पाड्यावर जायला निघाले, तर होड्या वाळूवर आणि त्यांच्या सावलीत पत्त्यांचा डाव. त्या दिवशी अष्टमी. उधाण अवस-पुनवेला; अष्टमीला पाण्याला ओढ नसते, आमची जाळी चालतच नाहीत. कोळीवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पाड्यावरच्या बाईला कुठून असणार? नेमकं तेच हेरून मामा खोटं बोलला होता, आणि अख्खी वस्ती मूग गिळून बसली होती.

मी एकटी गेले. मोजणी झाली. मावशीच्या नाचणीच्या तुकड्यात खुणेचा दगड रोवला गेला. तो रोवत असताना तिने मला हळूच विचारलं, "मामा सुखरूप हायेत ना? उधाण मोठं असंल."

मी खरं ते सांगून टाकलं.

पुढच्या खेपेला ती तूर घेऊन आली. मामाने स्वतः सुकट मापली आणि वर दोन मुठी जास्त टाकल्या. तिने त्या उचलून परत ठेवल्या.

"तुरीपुरतीच द्या, भाऊ. तुमचं नि आमचं काय नातं?"

मामाचं तोंड एवढंसं झालं. मला फार बरं वाटलं.