हातात दिलेलं मीठ

दुपारचा एक वाजायला आला आहे आणि मांडीवरची वही जड होत चालली आहे. करंजाच्या सावलीत प्लास्टिकचा क्रेट उपडा घालून मी बसले आहे. समोरच्या टेबलावर पाण्याचे पेले, चिरलेली लिंबं आणि एका बशीत मीठ. धरणाकडून येणारा रस्ता उन्हात पाण्यासारखा चकाकतो आहे. त्या चकाकण्यातून पळणारा माणूस येतो तो आधी बिनपायाचा दिसतो, जवळ आला की त्याला पाय फुटतात. मग छातीवरचा नंबर वाचता येतो आणि मी तो वहीत लिहिते. आज माझं काम एवढंच. मी अक्षरं शिकले अठ्ठावन्नाव्या वर्षी, सुनेकडून. आता सत्तर पूर्ण झाली, तरी आकडा काढताना पेन दाबून धरते.

सुनेचं नाव हर्षदा. पोलिसात आहे. तिचा नंबर तीनशे अठरा.

सकाळी सहाला ती धरणात उतरली. एकोणीसशे मीटर पोहली, मग नव्वद किलोमीटर सायकल मारली, आणि आता एकवीस किलोमीटर पळायचं आहे, सात-सातच्या तीन फेऱ्यांत. आमचं टेबल प्रत्येक फेरीच्या तिसऱ्या किलोमीटरवर आहे. दरवर्षी ही शर्यत माघात होते. यंदा दोन महिने पुढे गेली आणि चैत्राच्या उन्हात सापडली. पहिल्या फेरीत हर्षदा या टेबलापाशी आली तेव्हा मी लिंबाच्या फोडीला मीठ लावून पुढे केली होती. तिने माझा हात बाजूला सारला. दोन पेले पाणी प्याली, तिसरा डोक्यावर ओतला.

"बरी आहेस ना?"

"बरी आहे, आई."

ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, घाईत आहे. दुसऱ्या फेरीला पाऊण तासाने यायला हवी होती. पन्नास मिनिटं होऊन गेली आहेत.

"बाई, तुम्ही डुलायला लागलाय," खोतमामा म्हणतात. ते एसटीतले निवृत्त कंडक्टर, आज पाणी वाटायला आले आहेत. "पाच मिनिटं डोळा मिटा. नंबर मी लिहितो."

"तीनशे अठरा आली की उठवा."

"झोपलेल्या माणसांना तीस वर्षं उठवलंय. कुणाचा स्टॉप चुकू दिला नाही."

"आणि तुम्हीच झोपलात तर?"

"मी झोपलो तर गाडी हलतच नाही."

मी डोळे मिटते. ऊन पापण्यांतून आत येतं, तांबडं. पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज येतो. पेला भरला तरी आवाज थांबत नाही. पाणी माझ्या पायाला लागतं.

मी धरणात घोट्याएवढ्या पाण्यात उभी आहे. लुगडं भिजत नाही. पाण्यावर शेकडो नारिंगी टोप्या तरंगताहेत, सगळ्यांची तोंडं पलीकडच्या काठाकडे. त्यांतली एक टोपी वळते आणि माझ्याकडे येते. पोहणारा उभा राहतो, टोपी काढतो, केस झटकतो. रणजित आहे. माझा मुलगा.

त्याला जाऊन तीन वर्षं झाली. याच शर्यतीचा सराव करत होता. पहाटे सायकलवर असताना मागून डंपर आला. हे सगळं मला पाण्यात उभं राहूनही ठाऊक आहे, तरी रडू येत नाही. मनात एवढंच येतं, हा ओला आहे आणि टॉवेल मी कुठे ठेवला.

"आई, मीठ दे," तो म्हणतो. तळहात पुढे केलेला आहे.

"आधी अंग पूस."

"वेळ नाही. मीठ दे."

"इथं पाण्यात कुठलं मीठ आणू?"

"घरात बघ की."

मी वळते तर स्वयंपाकघर. ओटा आमचाच, पण फरशीच्या जागी डांबर आहे, तापलेलं, तळव्यांना चिकटतं. हर्षदा पाठमोरी उभी आहे. आमटीला उकळी आली आहे. मीठ घालायच्या आधी ती एक वाटी आमटी बाजूला काढते आणि झाकून ठेवते. मग बाकीच्या आमटीत मीठ घालते.

"पोटाला जड होतं," ती म्हणते. मी काही विचारलेलं नाही.

रणजित माझ्या मागे उभा आहे. त्याच्या अंगातून पाणी ठिबकतं आणि डांबरावर चर्र वाजतं.

"हे कधीपासून चाललंय?"

"पाडव्यापासून. तुमच्या शर्यतीचा काहीतरी आहार असेल. तूसुद्धा काय काय खायचास. उकडलेले बटाटे खिशात घालून सायकलवर जायचास."

"त्या बटाट्यांना मीठ असायचं. मी काय सांगायचो तुला?"

"उन्हात माणूस पाण्यावर चालत नाही, मिठावर चालतो."

"मग?"

मी हात वर करून फळीवरची मिठाची बरणी काढते. झाकण फिरत नाही. पदराने धरून फिरवते, तरी नाही. हर्षदा पाठमोरीच म्हणते, "आई, जोर लावू नका, सावकाश लिहा." हातात बरणी नाही, पाटी आहे.

माजघरात संध्याकाळची शिकवणी चालली आहे. मी भिंतीला टेकून बसले आहे, हर्षदा समोर, युनिफॉर्मवरच. बारा वर्षांपूर्वीची हर्षदा, नवी नवरी.

"आज मी सांगणार नाही, तुम्ही तुमच्या मनाने लिहा. आयुष्यातली एक गोष्ट. चार ओळी."

मी लिहिते. काय लिहिते ते मला पाठ आहे, कारण जन्मात स्वतःच्या मनाने लिहिलेलं ते पहिलंच. *रणजित तीन वर्षांचा झाला तरी चालत नव्हता. मी देवीला बोलले की पोर चालेपर्यंत मीठ खाणार नाही. पाच महिने अळणी खाल्लं. पोर चालू लागलं.* हर्षदाने ते वाचलं. पाटीवरचं तिने वहीत उतरवून घेतलं. ती वही अजून तिच्या कपाटात आहे.

रणजित माझ्या खांद्यावरून वाकून वाचतो. थेंब पाटीवर पडतात, अक्षरं पुसत नाहीत.

"पाचवी ओळ कुठाय?"

"चारच सांगितल्या होत्या."

"तू भांगलताना पडलीस ती ओळ."

मी पाटी पदराखाली घेते. तो माझ्या शेजारी मांडी घालून बसतो, लहानपणी जेवायला बसायचा तसा.

"भुईमुगातलं तण काढता काढता पडलीस. डोळे पांढरे केलेस. आजी धावत आली, कमरेच्या पिशवीतनं मिठाचा खडा काढला अन् तुझ्या तोंडात कोंबला. तू थुंकत होतीस, तिनं तोंड दाबून धरलं."

"तुला कुणी सांगितलं? आजी कुणाला बोलली नाही. मीही नाही."

"मी बांधावर बसलो होतो ना. चालता येत नव्हतं, बघता येत होतं."

भिंतीमागून कुणाच्या तरी पावलांचा आवाज येतो. एकसारखा नाही. दोन पावलं, मग थांबतं, मग एक.

"नवस मोडला होता, आई. मी चाललो त्याच्यानंतर चार दिवसांनी."

"ठाऊक आहे मला."

"तुला ठाऊक आहे. तिनं चारच ओळी वाचल्यात."

भिंत नाही आता. रस्ता आहे, दोन्ही बाजूला ऊस, आणि पुढे हर्षदाची पाठ. पाठीवर तीनशे अठरा. तिला पाय नाहीत. चकाकत्या डांबरावर ती अधांतरी हलते आहे, डावीकडे, मग उजवीकडे. मी तिच्यामागे पळते आहे. माझे गुडघे दुखत नाहीत, धाप लागत नाही, आणि अंतर कमी होत नाही. मी हाक मारते तर तोंडातून आवाजाऐवजी लिंबाची बी पडते.

रणजित माझ्या बाजूने पळतो आहे, सहज, गप्पा मारत पळावं तसा. पुन्हा तळहात पुढे करतो.

"मीठ दे."

बरणी माझ्या काखेत आहे. झाकण या वेळी लगेच निघतं. आत खडेमीठ, मूठभर, माझ्या सासूच्या पिशवीत असायचं तसं करड्या रंगाचं. मी मूठ भरते, हात पुढे नेते आणि थांबते.

"हातात मीठ देऊ नये. भांडण होतं. खाली ठेवते, तू उचलून घे."

तो हसतो. त्याचं हसणं मी तीन वर्षं ऐकलेलं नाही.

"मेलेल्या पोराशी काय भांडशील गं?"

"भांडेन की. डबा भरून ओट्यावर ठेवला होता. न घेता गेलास. संध्याकाळपर्यंत तसाच होता तो. मी कुणाला उचलू दिला नाही."

तो हसायचा थांबतो. पावलं चालूच आहेत.

"मग दे हातात, अन् भांड."

मी त्याच्या तळहातावर मीठ ठेवते. हात गार आहे, धरणाच्या तळासारखा. तो एकही खडा घेत नाही. माझ्याच तळव्यावर सगळं परत ओततो आणि माझी बोटं एकेक करून मिटवतो, सोडून न देता, घट्ट.

"मला नकोय गं ते."

"मग कुणाला ते नाव घेऊन सांग."

"नाव तुला ठाऊक आहे. ऊठ आता."

"तू येतोस का बरोबर?"

तो वेग कमी करतो. मागे पडतो. मी मान वळवते तर त्याचा चेहरा उन्हात धुवून गेलेला, फक्त आवाज येतो.

"स्टॉप आला."

"स्टॉप आला, बाई. उठा." खोतमामा माझा खांदा हलवताहेत. "तीनशे अठरा. पण चाल बरोबर दिसत नाही."

मी उभी राहते. वळणावर हर्षदा आहे. पळत नाही, चालते आहे. दोन पावलं, थांबते, मग एक. एक खांदा खाली गेला आहे. पाय आहेत तिला, मी आधी तेच बघते.

उजव्या हाताची मूठ मिटलेली आहे. उघडते. आत सहा-सात खडे, करडे, घामाने ओलसर. टेबलावरच्या बशीतलं मीठ बारीक आहे, पुडीतलं, पांढरंफेक.

"हे कुठनं काढलंत?" खोतमामा विचारतात.

सांगायला वेळ नाही. मी रस्त्यावर उतरते.

"हर्षदा, थांब."

ती माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तशी बघते. मग ओळखते.

"पाणी द्या, आई. नुसतं पाणी."

"मीठ सोडलंस ना तू?"

ती जीभ ओठांवरून फिरवते. तरी ओठांवर ओल येत नाही.

"शर्यत पुरी होईस्तोवर," ती म्हणते. "अकराच किलोमीटर राहिलेत. त्यांची शर्यत आहे ही. तुम्ही नव्हतं सोडलं त्यांच्यासाठी?"

"सोडलं होतं. आणि भुईमुगात उताणी पडले. सासूबाईंनी तोंडात खडा कोंबला. नवस मोडला माझा. रणजित त्यानंतर चार दिवसांनी चालला, मोडलेल्या नवसावर. ते मी पाटीवर लिहिलं नाही. लाज वाटली."

ती माझ्या अंगावर कलते. मी तिच्या काखेत हात घालते, खोतमामा दुसऱ्या बाजूने धरतात, आणि आम्ही तिला क्रेटवर बसवतो. खोतमामा बर्फाच्या पाण्यातलं फडकं तिच्या मानेवर टाकतात. मी मूठ पुढे करते.

"हात कर."

ती मुठीकडे बघते. एवढ्यातही तिला आठवतं.

"हातात मीठ देतात होय? भांडण लागेल आपलं."

"लागू दे. हात कर."

ती तळहात उघडते. मी खडे त्यावर ओतते. ती एक उचलते, बराच वेळ बोटांत धरून ठेवते, मग जिभेवर ठेवते. डोळे मिटते. तिचा गळा हलतो. मी पेला तोंडाला लावते. तो संपतो. दुसरा खडा ती स्वतः घेते.

दोन माणसं समोरून पळत जातात. त्यांचे नंबर कुणीच लिहीत नाही.

"बारा वर्षं," हर्षदा म्हणते. आवाज बारीक आहे, पण तिचा आहे. "बारा वर्षं ती वही जपली मी. अर्धीच गोष्ट होती होय?"

"चार ओळी खऱ्या होत्या."

"तुम्ही सासूबाई म्हणून गप्प बसतेय, नाहीतर..."

"गप्प कुठं बसलीयस?"

"मी उठते. अकराच राहिलेत."

"बस. ओठांना रंग येऊ दे, मग बघू काय ते."

"तुम्ही नाही ठरवायचं ते."

"मीच ठरवणार."

ती तिसरा खडा तोंडात टाकते आणि भांडतच राहते. खोतमामा पाण्याचे पेले भरत आमच्याकडे पाठ फिरवून उभे आहेत. माझ्या तळव्याच्या रेघेत एक खडा अडकून राहिला आहे. मी तो पदराच्या टोकात ठेवते आणि गाठ मारते.