यंदा काय पेरलंय?

कुणीही नमस्कार केला की उत्तरादाखल ‘यंदा काय पेरलंय?’ असं विचारणारी व्यक्ती उभ्या पिंपरी-चिंचवडात एकच आहे आणि ती नेमकी माझ्या शेजारी, निगडीत राहते. बाई अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका. गाव सोडून चाकणच्या कंपन्यांत आलेल्या माणसाची शेती काही सुटत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. आणि त्यापायी त्या कुणालाच सोडत नाहीत. माझ्या भाचीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाला ऐन स्टेजवर गाठून मक्याची चौकशी केली. दाताच्या डॉक्टरांनी ‘आ करा’ म्हटलं, तर आधी त्यांच्या गावचा कांदा विचारून घेतला आणि मगच आ केला. आमच्या सोसायटीतले लोक हल्ली लिफ्ट सोडून जिना चढतात, ते काही तब्येतीसाठी नव्हे.

विद्यापीठातल्या बुजुर्गांना मात्र हे पटेना. एकदा कामगार झाला की त्याच्यातला शेतकरी संपला, असं त्यांचं ठाम मत. शेवटी ऑक्टोबरात चर्चासत्र ठरलं. तिथे बाईंचं म्हणणं टिकलं तर त्यांचं संशोधन पुढे चालणार, नाहीतर कायमचं बंद. बाईंनी चाकणजवळच्या महाळुंग्यातल्या खोल्याखोल्यांतून हिंडून मराठवाड्याच्या कामगारांना साक्षीला बोलावलं. सगळ्यांनी शब्द दिला.

चर्चासत्र सुरू झालं आणि त्यांच्यासाठी राखलेल्या पुढच्या रांगा रिकाम्याच. एक बुजुर्ग मिशीतल्या मिशीत हसले. मी मागे वळून दाराकडे पाहिलं. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्यांनी तो सरळ माइकपाशी धरला.

“मॅडम, राग मानू नका. आमी सगळे गावाकडं चाललाव. सोयाबीन काढायला आलंय, वर आभाळ भरून आलंय. कंपनीनं सुट्टी न्हाई दिली, तरी निघालाव!”

बाईंनी त्या रिकाम्या खुर्च्यांकडे ऐटीत हात केला. “हे माझे साक्षीदार. सगळे हजर आहेत!”

सभागृह हशाटाळ्यांनी दणाणलं. मिशीवालेसुद्धा उभे राहून टाळ्या पिटत होते. जन्मभर शेतीचा अभ्यास केलेल्या बाईंनी तारीख मात्र ऐन काढणीतली धरली होती, हे त्या जल्लोषात कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मला तर नाचावंसं वाटत होतं.

पेढे घेऊन आम्ही तडक महाळुंग्याला गेलो. अर्थातच खोल्यांना कुलपं. परत फिरताना बाई एका कंपनीच्या लांबलचक भिंतीपाशी थांबल्या.

“हितं आमची बाजरी असायची,” त्या म्हणाल्या.

पेढ्यांचा पुडा तसाच माझ्या हातात होता. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणीच त्यांना उलट विचारलं नव्हतं.

“बाई, तुम्ही यंदा काय पेरलंय?”

“कोथिंबीर. गॅलरीत, कुंडीत,” त्या म्हणाल्या. “उगवली की देते पाठवून.”