मार्थाबाईंच्या फळीवरचे नाव

सर्वांच्या अंतरीचे जाणणाऱ्या परमेश्वरास वंदन करून, दिवंगत मार्थाबाईंच्या स्मरणार्थ हे लिहीत आहे. त्यांना जाऊन महिना होत आला. जालन्याच्या मस्तगडात त्यांचे घर आमच्या समोरच. त्या कपडे शिवीत, मी शाळेत संस्कृत शिकवीत असे. दुपारी मशीनवर बसल्या बसल्याच त्या कलंडल्या. त्यांची लेक रोझी रस्ता ओलांडून सांगत आली, तेव्हा शोकाच्याही आधी माझ्या मनात आमच्या जुन्या मुख्याध्यापकांचे नाव आले. ते वर्तमानपत्रात छापायचे, असे मी उभ्याउभ्याच ठरवले.

मार्थाबाई कॅथलिक. सकाळी मशीनच्या चाकाला हात लावण्याआधी क्रूसाची खूण करीत आणि "प्रभू, आजचं काम, आजची खुशी, आजचं दुखणं, सगळं तुझं" असे पुटपुटत. मग कापडावर खुणा करायच्या खडूने मशीनच्या फळीवर एक नाव लिहीत. त्या दिवसाचे सारे श्रम त्या माणसासाठी अर्पण. संध्याकाळची प्रार्थना झाली की नाव पुसून टाकीत. कधी आजारी शेजारणीचे, कधी राजूरच्या एखाद्या गिऱ्हाइकाचे. "आज बोटात सुई गेली गुरुजी, शांताक्काचं बराबर भलं होणार बघा," असे हसत सांगत. कर्म ईश्वराला अर्पण करावे, हे मी वर्गात आयुष्यभर समजावले. टोचलेले बोटही अर्पण करता येते, हे त्यांच्याकडे पाहून कळले.

ऐंशीच्या दशकात शाळेचे गणवेश त्याच शिवीत. एकदा संमेलनाच्या पडद्यासाठी आणलेला मखमलीचा तागा सापडेना. मुख्याध्यापकांनी सर्व शिक्षकांदेखत त्यांना पिशवी उलटी करायला लावली. डबा, कात्री आणि जपमाळ, एवढेच निघाले. तरी काम काढून घेतले. दोन वर्षांनी तागा शाळेच्याच माळ्यावर जुन्या पेटीमागे सापडला... मुख्याध्यापक मला म्हणाले, "आता कशाला वाढवता? बाई विसरल्याही असतील."

मी तसाच मार्थाबाईंकडे गेलो.

"सापडला ना? मंग बरं झालं."

"त्यांना चार लोकांत माफी मागायला लावणार आहे मी."

"त्या सायबाला मी कवाच देवाच्या हवाली केलं. तुम्हीच त्याला डोक्यात घेऊन फिरून राह्यले."

"मग करू काय?"

"राग देऊन टाका ना. देवाला काय निवडून-पाखडूनच द्यायचं असतं का?"

मी प्रयत्न केला. सकाळी पूजेत राग वाहायचा आणि शाळेत ते दिसले की परत उचलून घ्यायचा... निवृत्तीनंतर ते बाजारात दिसले तरी हाच क्रम चालला.

मार्थाबाईंच्या दफनाच्या वेळी तेच गृहस्थ पुढे आले. फुले वाहून म्हणाले, "इतकी प्रामाणिक बाई मी पाहिली नाही." मी मूठभर माती टाकून तडक निघालो. घरी येऊन एका बैठकीत सगळे लिहिले: तागा, पिशवी, मुख्याध्यापकांचे संपूर्ण नाव. लिहिलेले पुन्हा पुन्हा वाचले. खोटे का बोलू, असे सुख मला कित्येक वर्षांत लाभले नव्हते.

पाठवण्यापूर्वी रोझीला दाखवायला गेलो. मशीन खिडकीपाशी तसेच होते.

"फळी पुसली न्हाई मी," ती म्हणाली. "आईला त्या दिवशी संध्याकाळच मिळाली न्हाई."

वाकून पाहिले. खडूने लिहिले होते... गुरुजी.

क्षमा केली, असे मी म्हणणार नाही. हा लेख वाचून त्या गृहस्थांना स्वतःची ओळख पटावी आणि जेवण गोड लागू नये, एवढी इच्छा मी जपून ठेवली आहे. लेखातले त्यांचे नाव मात्र खोडले. त्या फळीसमोर उभे राहिल्यावर ते लिहिलेले ठेववेना. रोझी ती अजून पुसत नाही. मी रोज सकाळी जाऊन पाहून येतो.

वाचकहो, तुमच्या घरातले श्रम, हसू आणि दुखणी ईश्वर गोड मानून घेवो; आणि तुमचेही नाव रोज सकाळी कोणाच्या तरी फळीवर असो.